दवाखान्यातली गुणवत्ता सुधारणा: बेळगाव-खानापूर-निपाणी-चिकोडी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बेळगाव शहरातल्या आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हल्याळ या पट्ट्यातल्या दवाखान्यांमधून पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्यांत सिस्टर सगळ्यात जास्त. त्याखालोखाल नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रातले अधिकारी, लॅबवाले आणि अलीकडे हॉस्पिटलच्या ऑफिसात ‘क्वालिटी’ असं लिहिलेलं टेबल नव्यानं मिळालेली तरुण मंडळी. सगळं क्रमानं वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जातो तिथं त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गुणवत्ता सुधारणा म्हणजे नक्की काय? आमच्याकडे दर महिन्याला तपासणी होतेच की.

तपासणीतून कळतं की काल काय झालं आणि ते नियमात बसतं का. सुधारणेचं काम तिच्यापुढे सुरू होतं.

समजा, बाळंतपणाच्या नोंदी बघताना लक्षात आलं की बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला द्यायचं, रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन काही जणींना उशिरा मिळालं. तपासणी करणारा शेरा लिहून जातो. सुधारणा करणारा विचारतो, उशीर का झाला? मग कळतं की ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, फ्रिज खालच्या मजल्यावर आहे आणि रात्री त्याची चावी एकाच माणसाकडे असते. इतकी हुशार सिस्टर कुठून आणणार, की जी जिना उतरून, चावी शोधून, परत वर येऊन मिनिटाच्या आत सुई देईल? म्हणून बाळंतपणाच्या खोलीतच एक छोटी थंड पेटी ठेवायची, एका रात्रपाळीत करून बघायचं, इंजेक्शन किती वाजता गेलं ते लिहायचं, आणि जमलं तर सगळ्या ड्यूट्यांना लावायचं. गुणवत्ता सुधारणा एवढीच असते. माणूस तोच राहतो, त्याच्या कामाची वाट सरळ केली जाते.

२. एन.ए.बी.एच., एन.क्यू.ए.एस., कायाकल्प, लक्ष्य अशी नावं ऐकतो. आमच्यासाठी यातलं कोणतं?

सरकारी दवाखान्यासाठी एन.क्यू.ए.एस., म्हणजे राष्ट्रीय गुणवत्ता मानकं. ती २०१३ पासून आहेत. त्यात आठ विभाग आहेत: दिल्या जाणाऱ्या सेवा, रुग्णांचे हक्क, साधनं आणि मनुष्यबळ, पूरक सेवा, प्रत्यक्ष उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि परिणाम. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण मिळतात. प्रमाणपत्रासाठी एकूण ७० टक्के गुण लागतात आणि ते तीन वर्षं चालतं. कायाकल्प २०१५ साली सुरू झालं आणि त्याचा भर स्वच्छता, कचरा आणि संसर्ग नियंत्रणावर आहे. लक्ष्य २०१७ च्या अखेरीस आलं, ते बाळंतपणाची खोली आणि सिझेरियनचं ऑपरेशन थिएटर यांच्यापुरतं आहे.

खासगी हॉस्पिटलांसाठी एन.ए.बी.एच., म्हणजे हॉस्पिटलांना गुणवत्तेची मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ. लहान हॉस्पिटलांसाठी त्याचे वेगळे आणि सुरुवातीच्या पायरीचे निकषही आहेत. खासगी प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या संघटनेचा ‘मान्यता’ हा कार्यक्रम आहे. त्यात १६ मानकं आहेत आणि ती थेट बाळंतपणाच्या कामाशी जोडलेली आहेत. लहान प्रसूतिगृहाला माझ्या मते सुरुवातीला तोच जास्त उपयोगी.

प्रमाणपत्र जरूर मिळवा. पण तपासनीस येण्याआधीच्या पंधरवड्यात रात्ररात्र बसून मागच्या तारखांचे कागद भरले जात असतील, तर त्या कष्टातून एकाही पेशंटला काही मिळत नाही. आधी एक काम सुधारा. प्रमाणपत्राला लागणारे निम्मे कागद त्यातूनच तयार होतात.

३. आमचं दहा खाटांचं नर्सिंग होम आहे, स्टाफ मोजकाच. आम्हाला हे झेपेल का?

मोठ्या हॉस्पिटलपेक्षा सहज झेपेल. तुमच्याकडे डॉक्टर, सिस्टर आणि मावशी एकाच वेळी चहा घेतात, आणि बैठक तिथंच होऊ शकते. एक वही, एक भिंतीवरचा कागद आणि आठवड्यातून वीस मिनिटं एवढं सुरुवातीला पुरतं. सॉफ्टवेअर विकत घेऊ नका.

४. सुरुवात कुठून करायची? बघावं तिकडे काहीतरी बिघडलेलंच दिसतं.

निवडताना तीन गोष्टी बघा. त्याचा त्रास खरोखर पेशंटला होतो का? ते रोज किंवा निदान आठवड्याला घडतं का? आणि ते बदलणं तुमच्याच हातात आहे का? नव्या इमारतीची मागणी तिसऱ्या प्रश्नाशी अडते. ‘बाजारच्या दिवशी ओपीडीत तीन तास ताटकळावं लागतं’ हे तिन्हींतून पार होतं.

मग उद्दिष्ट एका वाक्यात लिहा: कुणासाठी, काय, किती वरून किती, केव्हापर्यंत. कल्पनेतलं एक उदाहरण: ‘महिला वॉर्डात सकाळी डिस्चार्ज सांगितलेल्या पेशंटपैकी दुपारी दोनच्या आत बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण आज ३० टक्के आहे, ते दिवाळीपर्यंत ८० टक्के करायचं.’ ‘उत्तम सेवा देणे’ हे उद्दिष्ट होत नाही. ते पूर्ण झालं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही.

एका वेळी एकच विषय. पहिल्यांदा करणाऱ्यांनी मुद्दाम सोपा निवडावा. पहिलं काम तडीस गेल्याशिवाय स्टाफचा यावर विश्वास बसत नाही, आणि तो बसल्याशिवाय अवघड काम हाती घेऊन उपयोग नाही.

५. टीममध्ये कोणाला घ्यायचं? मोठे डॉक्टर हवेतच का?

जे ते काम हातानं करतात ते हवेतच. लेबर रूमचा विषय असेल तर रात्रपाळीची सिस्टर आणि मावशी टीममध्ये नसताना घेतलेला निर्णय रात्री दहानंतर गळून पडतो. चार ते सहा माणसं पुरे. मोठ्या डॉक्टरांनी दर बैठकीला बसायला हवं असं नाही, पण त्यांचा पाठिंबा आधी मिळवा आणि तो सगळ्यांसमोर बोलून दाखवायला सांगा.

बैठकीची भाषा आधीच ठरवा. आपल्याकडे एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, उर्दू आणि कोंकणी बोलणारा स्टाफ असतो. प्रेझेंटेशन इंग्रजीत चाललं की मावशी आणि वॉर्डबॉय गप्प बसतात, आणि कामाची वाट कुठं अडते हे नेमकं त्यांनाच ठाऊक असतं.

६. पी.डी.एस.ए. म्हणजे काय? ट्रेनिंगमध्ये गोल चित्र दाखवलं होतं, पण करायचं कसं ते कळलं नाही.

प्लॅन, डू, स्टडी, अ‍ॅक्ट, म्हणजे आखा, करा, तपासा, ठरवा. वॉल्टर श्यूहार्ट यांनी कारखान्यांसाठी मांडलेली आणि एडवर्ड्स डेमिंग यांनी पुढे नेलेली ही रीत आहे. चित्र गोल असतं कारण ते एकदा करून भागत नाही.

वरचाच डिस्चार्जचा विषय घेऊ. कणकुंबी किंवा जांबोटीकडची बाई बेळगावच्या हॉस्पिटलात आहे. सकाळी राउंडला डॉक्टर म्हणाले, ‘आज घरी जा.’ पण डिस्चार्ज कार्ड लिहिणारे डॉक्टर दुपारपर्यंत ओपीडीत. मग उरलेली औषधं फार्मसीला परत करणं, लॅबचं बिल, योजनेच्या टेबलावरची मंजुरी आणि शेवटी गेटपास. संध्याकाळची वस्तीची गाडी चुकली की नातेवाईक एक तर वडापला दामदुप्पट मोजतात, नाही तर रात्र व्हरांड्यात काढतात. शिवाय ती खाट अडते ती वेगळीच.

आखा: उद्या ज्यांना सोडायची शक्यता आहे त्यांचं कार्ड आज संध्याकाळीच कच्चं लिहून ठेवायचं. फक्त एक वॉर्ड, एक डॉक्टर, एक दिवस. त्यातून काय होईल असं तुम्हाला वाटतं, तेही आधी लिहा.
करा: तसंच करा आणि वेळा टिपा.
तपासा: ज्यांची कार्डं लिहिली त्यातले किती जण खरंच सुटले? किती वाजता? अडलं कुठं? बहुतेक वेळा पहिल्या दिवशी कळतं की कार्ड तयार होतं, पण फार्मसीचा हिशेब राहिला.
ठरवा: पुढच्या फेरीत औषधं परत करणं राउंडच्या आधी करून बघायचं.

अशा लहान फेऱ्या पाठोपाठ घ्या. एकदम सगळ्या हॉस्पिटलला परिपत्रक काढलं की ते फाइलला लागतं, आणि बदल चुकीचा ठरला तर माघार घेणं अवघड होतं. एका दिवसाच्या प्रयोगात चूक झाली तरी एक दिवसच जातो.

७. काय मोजायचं? आधीच रजिस्टरं भरून हात दुखतात.

नवं रजिस्टर काढू नका. जे आधीच लिहिलं जातं त्यात एक रकाना वाढवा. जमलं तर दुसरा एखादा निरुपयोगी रकाना बंद करून घ्या.

आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये सांगितलेली तिहेरी विभागणी आजही कामाला येते: साधनं, प्रक्रिया, परिणाम. नवजात बाळ गार पडतं, हा विषय घ्या. लेबर रूममध्ये चालू वॉर्मर, कोरडे टॉवेल आणि थर्मामीटर आहे का, हे साधन. बाळाला लगेच पुसून आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवलं का आणि पहिल्या तासात अंगावर पाजलं का, ही प्रक्रिया. तासाभरानं बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत आहे का, हा परिणाम.

एक परिणाम आणि एक-दोन प्रक्रिया एवढंच मोजा. आणि सोबत एक उलट बाजूचा आकडा ठेवा. डिस्चार्ज लवकर करायच्या नादात औषधं समजावून सांगणं राहतंय का? तीन दिवसांत परत येणारे पेशंट वाढले का? एका जागची गर्दी दुसरीकडे ढकलली तर ती सुधारणा नव्हे.

८. आकडे दर आठवड्याला वर-खाली होतात. सुधारलं हे कसं ओळखायचं?

दोन आकडे, ‘आधी’ आणि ‘नंतर’, यांच्यावर कधीही विसंबू नका. आलेख काढा: आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर टक्केवारी. दहा-बारा ठिपके झाले की मध्यक काढा, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमानं मांडून मधला, आणि त्याची आडवी रेघ ओढा. सलग सहा किंवा जास्त ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले, किंवा सलग पाच ठिपके चढत अथवा उतरत गेले, तर काहीतरी खरंच बदललं आहे असं समजायला आधार मिळतो. रेघेवरच बसलेला ठिपका पहिल्या नियमात धरायचा नाही. त्याहून कमी हललं असेल तर शाबासकी नको आणि रागावणंही नको.

आलेखावर घटना लिहून ठेवा. ‘इथून थंड पेटी ठेवली’, ‘इथं दोन सिस्टर रजेवर’, ‘इथं सौंदत्तीची यात्रा’. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलाकडच्या गावांतून पेशंट उशिरा पोहोचतात. ऊसतोडीच्या हंगामात अपघात आणि स्थलांतरित मजूर वाढतात. हे लिहिलं नाही, तर सहा महिन्यांनी तो खड्डा कशामुळे पडला ते कुणालाच आठवत नाही.

९. आमच्याकडे महिन्याला आठ-दहाच बाळंतपणं होतात. टक्केवारीचा काय उपयोग?

फारसा नाही. दहात एक चुकली की १० टक्के आणि दोन चुकल्या की थेट २०. त्यापेक्षा बाळंतपणं ओळीनं मांडा, प्रत्येकीसाठी एक चौकोन, हिरवा किंवा लाल. सलग किती हिरवे झाले ते बघा.

क्वचित घडणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे चुकीचं औषध देणं, पेशंट खाटेवरून पडणं यांसाठी, दोन घटनांमधले दिवस मोजा. हे अंतर लांबत गेलं तर काम योग्य दिशेनं चाललं आहे. आईचा मृत्यू किंवा बाळाचा मृत्यू अशी घटना मात्र आलेखाचा विषय नाही. तशी प्रत्येक घटना स्वतंत्रपणे, सगळे कागद समोर ठेवून, संपूर्ण बघावी लागते.

१०. कायद्यानं बंधनकारक असलेल्या गोष्टीही हळूहळू, फेऱ्याफेऱ्यांनी सुधारल्या तर चालतील का?

नाही. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असं वर्गीकरण, सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकणं आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांच्या वर न साठवणं हे आजपासूनच हवं. गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखाली भरायचा सोनोग्राफीचा फॉर्म एफ आणि कर्नाटकाच्या २००७ च्या खासगी वैद्यकीय संस्था कायद्याखालची नोंदणी यांचंही तसंच. पी.डी.एस.ए. वापरायचं ते नियम अधिक सहज पाळला जावा म्हणून: डबे पेशंटच्या खाटेपासून किती अंतरावर हवेत, चित्रं कोणत्या भाषेत लावावीत, इत्यादी.

११. चूक माणसाची नसते म्हणता, मग शिस्त राहणार कशी?

तीन प्रकार वेगळे करा. नजरचुकीनं झालेली चूक: सारख्या दिसणाऱ्या दोन अँप्यूल शेजारी ठेवल्या होत्या आणि भलतीच उचलली. इथं माणसाला धीर द्या आणि अँप्यूल वेगळ्या कप्प्यात हलवा. दुसरा प्रकार सवयीनं घेतलेला आडमार्ग: हात धुवायचं बेसिन लांब आहे म्हणून दोन पेशंटच्या मध्ये हात न धुणं. इथं समजावून सांगा आणि खाटेपाशी हँडरबची (हातावर चोळायच्या सॅनिटायझरची) बाटली लावा. हँडरबनं २० ते ३० सेकंदांत काम होतं, साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात. तीस पेशंटच्या वॉर्डात हा फरक फार मोठा आहे. तिसरा प्रकार जाणूनबुजून केलेला बेफिकीरपणा: दारू पिऊन ड्यूटीवर येणं, न बघितलेलं बी.पी. लिहिणं. तिथं शिस्तीची कारवाईच हवी.

पण न बघितलेलं बी.पी. लिहिलं गेलं असेल तर कारवाईआधी एक विचारा: वॉर्डात चालू बी.पी. मशीन किती होती आणि त्या रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट होते?

१२. चुका लिहा म्हटल्यापासून लिहिलेल्या चुका दुप्पट झाल्या. संचालक म्हणतात, तुमच्या क्वालिटीनं हॉस्पिटल बिघडवलं.

पहिल्या काही महिन्यांत नोंदी वाढणं ही चांगली खूण आहे. चुका आधीही होत होत्या, आता त्या सांगितल्या जात आहेत. संचालकांना नोंदींची संख्या दाखवू नका, प्रकार दाखवा. ‘थोडक्यात वाचलो’ अशा नोंदी वाढल्या आणि प्रत्यक्ष इजा झालेल्या वाढल्या नाहीत, तर स्टाफ वेळेवर बोलू लागला आहे. आणि नोंद करणाऱ्याला पहिल्याच वेळी मेमो मिळाला, तर त्या वॉर्डातून पुन्हा एकही नोंद येणार नाही, हे त्यांच्या कानावर जरूर घाला.

१३. आमचे सर्जन ऑपरेशनआधीची चेकलिस्ट करत नाहीत. म्हणतात, वीस वर्षं ऑपरेशनं करतोय.

जागतिक आरोग्य संघटनेची ही यादी १९ मुद्द्यांची आहे आणि तिच्यासाठी तीनदा थांबायचं असतं: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी, पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ देशांतली आठ रुग्णालयं होती, त्यात दिल्लीचंही एक. तिथं मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. दुसरी बाजूही सांगा. २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात यादी सक्तीची केल्यानंतर लक्षणीय फरक दिसला नाही. मला यातून एवढं दिसतं की नुसत्या खुणा करून कुणाचा जीव वाचत नाही. थांबून एकमेकांशी बोलण्यानं वाचतो.

म्हणून सर्जनशी वाद घालू नका. भुलीच्या डॉक्टरांना आणि थिएटर सिस्टरला सोबत घ्या आणि एकाच दिवशी, एकाच टेबलावर यादी मोठ्यानं वाचा. त्यात काही सापडलं, रक्त मागवलेलं नव्हतं किंवा अ‍ॅलर्जी लिहायची राहिली होती, तर ते सर्जनना खासगीत सांगा, चारचौघांत नाही. बहुतेक सर्जन स्वतःच्या पेशंटसाठी कुणापेक्षाही जास्त काळजी करणारे असतात. ती काळजीच त्यांना वळवते.

१४. आमचे फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत आहेत, पेशंट मराठी. संमतीची सही घेतली की पुरतं ना?

सही म्हणजे संमती नव्हे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्पष्ट केलं की उपचार काय, धोके काय, पर्याय काय हे पुरेसं सांगूनच संमती घ्यायची असते. एन.ए.बी.एच.ही पेशंटला कळणाऱ्या भाषेचाच आग्रह धरतं. न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उमटवणाऱ्या आजीला तिच्या पोटातून काय काढणार हे ठाऊक नसेल, तर बाकी सगळी गुणवत्ता तिच्या दृष्टीनं कोरीच.

बेळगावात हा विषय निघाला की चर्चा लगेच राजकारणाकडे वळते. ती वळू देऊ नका. मराठी पेशंटला मराठीत, कन्नड पेशंटला कन्नडमध्ये, उर्दूवाल्याला उर्दूत. नियम एकच. करायचं असं: सरकारी नमुना आहे तसा ठेवा आणि सोबत मराठी मजकुराचं पान जोडा. ते पान डॉक्टरांनी तपासलेलं असावं आणि भाषा घरात बोलली जाते तशी असावी. ‘गर्भाशय उच्छेदन’ लिहिलं तर कन्नड बरं म्हणायची वेळ येते. ‘पिशवी काढणे’ लिहा. केसपेपरवर ‘बोलण्याची भाषा’ हा रकाना ठेवा. समजावून झाल्यावर पेशंटलाच विचारा, ‘आता घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल?’ ती जे सांगेल त्यावरून कळेल किती पोहोचलं. दुभाषा म्हणून लहान मुलाला किंवा शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाला उभं करू नका, विशेषतः बायकांच्या आजारात.

मोजायचं असेल तर आठवड्याला दहा पेशंटना घरी जाताना विचारा: कोणती गोळी कधी, आणि कशासाठी परत यायचं? दोन्ही बरोबर सांगणारे किती, हा तुमचा आकडा.

१५. एकाच वॉर्डात तीन लक्ष्मी पाटील आहेत. खाट नंबरानं ओळखलं तर चालतं का?

चालत नाही, खाटा बदलतात. दोन खुणा हव्यात: पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, मनगटावरच्या पट्टीवर. नाव पेशंटकडून वदवून घ्या. ‘तुम्ही लक्ष्मी ना?’ असं विचारलं तर घाबरलेलं माणूस काहीही विचारलं तरी होच म्हणतं. आपल्याकडे आधारवर एक स्पेलिंग, रेशन कार्डावर दुसरं, आणि कन्नडमधून इंग्रजीत येताना तिसरं होतं, म्हणून रक्त देताना नावापेक्षा क्रमांकावर जास्त भर द्या.

१६. पहिल्या बाळंतपणाला मुली माहेरी येतात, मग सासरी जातात. यांना आकड्यांत धरायचं कसं?

सीमाभागातला हा सगळ्यात किचकट प्रश्न, आणि ट्रेनिंगच्या पुस्तकात तो सापडत नाही. रोटी-बेटीचा व्यवहार सीमा बघत नाही. निपाणीची मुलगी कागलात दिलेली, चंदगडची बेळगावात. कर्नाटकातल्या सासरची असेल तर हातात तायी कार्ड, महाराष्ट्रातली असेल तर तिकडचं माता-बाल संरक्षण कार्ड. आठव्या महिन्यात ती तुमच्या दारात येते तेव्हा आधीच्या तपासण्या दुसऱ्या राज्यात राहिलेल्या असतात.

तीन नियम पाळा. एक, जी प्रक्रिया तुमच्या दारात होते (ऑक्सिटोसिन, बाळाचं तापमान, पहिल्या तासातलं स्तनपान) तिच्यात ती पूर्ण धरा, कार्ड कुठलंही असो. दोन, गरोदरपणातल्या चार तपासण्यांसारख्या आकड्यात अशांची वेगळी ओळ ठेवा, नाहीतर तुमचं केंद्र विनाकारण वाईट दिसेल आणि खरी उणीवही त्यात लपेल. तीन, पहिल्याच भेटीत आर.सी.एच. नंबर (सरकारी माता-बाल नोंदणीचा क्रमांक), रक्तगट, हिमोग्लोबिन, एच.आय.व्ही. आणि कावीळ बीचे रिपोर्ट आणि सासरच्या गावच्या आशाताईचा फोन नंबर उतरवून घ्या.

त्या फोन नंबराचा खरा उपयोग पुढे होतो. काही घरांत सव्वा महिन्याचं उरकून बाळंतीण सासरी निघते, आणि बाळाच्या दीड महिन्याच्या लसी नेमक्या तेव्हाच असतात. माहेरच्या सिस्टरला वाटतं तिकडे दिल्या, तिकडच्या सिस्टरला वाटतं इकडे दिल्या. निघायच्या आठवड्यात एक फोन सासरच्या आशाताईला गेला तर ते बाळ दोन गावांच्या मध्ये हरवत नाही. असे फोन किती जणींसाठी झाले, हा मोजण्यासारखा आकडा आहे.

१७. रेफर केलेला पेशंट पुढे नीट पोहोचला का, हे आमच्या गुणवत्तेत येतं का?

येतं. पेशंट निपाणीहून कोल्हापूरला, चिकोडीहून मिरजेला, खानापूरहून बेळगावला किंवा थेट गोव्याला बांबोळीला जातो. सोबत ‘रेफर्ड टू हायर सेंटर’ एवढीच चिठ्ठी असेल तर पुढच्या डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. चिठ्ठीत चार गोष्टी हव्यात: आत्ता काय अवस्था आहे, आधी काय झालं, तुम्हाला काय वाटतं, पुढे काय हवंय. दिलेली औषधं वेळेसकट लिहा. बाळंतीण असेल आणि झटक्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट दिलं असेल, तर किती आणि केव्हा हे नसताना पुढचा डोस धोक्याचा ठरतो. निघण्याआधी फोन करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फोन करून काय झालं ते विचारा आणि रजिस्टरात लिहा.

१८. अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळेच ‘उत्तम’ लिहितात. खरं कसं कळणार?

डिस्चार्जच्या टेबलावर, सिस्टरच्या समोर, कोण वाईट लिहील? घरी गेल्यावर तीन-चार दिवसांनी फोन करा, पेशंटच्या भाषेत, आणि त्या वॉर्डाशी संबंध नसलेल्या माणसानं. ‘सेवा कशी वाटली’ विचारू नका. ‘रात्री बेल वाजवली तेव्हा कोण आलं?’, ‘कुणाला पैसे द्यावे लागले का?’, ‘कोणती गोष्ट समजली नाही?’ असं विचारा. तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळायला जाणाऱ्या बाईला दिवसा फोन उचलता येत नाही, म्हणून वेळ संध्याकाळची ठेवा.

१९. यासाठी एथिक्स कमिटीची (संशोधन नैतिक आहे का ते बघणाऱ्या समितीची) परवानगी लागते का?

स्वतःच्या दवाखान्यात, आधीच मान्य असलेला उपचार नीट पोहोचवण्यासाठी काम करत असाल तर साधारणपणे लागत नाही. आय.सी.एम.आर.च्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत संस्थेतली गुणवत्ता तपासणी सूट मिळू शकणाऱ्या प्रकारांत आहे. मात्र ती सूट कमिटीनं द्यायची असते, आपण गृहीत धरायची नसते. पेपर छापायचा असेल तर सुरू करण्याआधीच विचारा. उपचारच नवा असेल किंवा कोणत्या पेशंटला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरणार असेल, तर ते संशोधन आहे.

या दोन्हींतला फरक बघायला लांब जायला नको. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी बेळगाव जिल्ह्याच्याच खेड्यांत झाली. १६२० बायका त्यात होत्या आणि गोळ्या देणाऱ्या गावपातळीवरच्या नर्सबाई होत्या. २००६ मध्ये निष्कर्ष आले: रक्तस्रावाचं प्रमाण औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत १२ टक्के, मिसोप्रोस्टॉल मिळालेल्यांत ६.४ टक्के. ते संशोधन होतं आणि त्याला सगळ्या परवानग्या हव्यातच. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या वापरासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आज तुमच्या केंद्रात ऑक्सिटोसिन देता न येणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीपर्यंत ती गोळी पोहोचते का, कपाटात आहे का, मुदत संपलेली नाही ना, हे बघणं म्हणजे गुणवत्ता सुधारणा. ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला हे उत्तर दिलं, त्याच जिल्ह्यात एखादी बाई त्या गोळीवाचून राहू नये असं मला मनापासून वाटतं.

२०. सुधारलेलं सहा महिन्यांत परत पहिल्यासारखं होतं. सिस्टरची बदली झाली की संपलं.

याचा अर्थ बदल एका माणसाच्या उत्साहावर उभा होता. नवी पद्धत नव्या माणसाच्या पहिल्या दिवसाच्या माहितीत घाला, ड्यूटी बदलताना बोलायच्या गोष्टींत घाला, ट्रॉलीची रचनाच तशी करा. थंड पेटी खोलीत असेल तर नवी सिस्टरही तीच वापरेल, तिला काही पाठ करायला लागणार नाही. ज्या बदलासाठी रोज आठवण करून द्यावी लागते तो अजून पुरता बसलेला नाही, त्याच्यावर आणखी एक-दोन फेऱ्या करा (प्रश्न ६).

आणि बदली होणाऱ्या सिस्टरला जाण्याआधी पंधरा मिनिटं मागा. काय केलं, काय फसलं, हे तिच्या शब्दांत एका पानावर लिहून घ्या. फसलेलं विशेष महत्त्वाचं, नाहीतर पुढची टीम तेच पुन्हा करून बघते.

२१. मोजणं बंद कधी करायचं?

उद्दिष्ट गाठून ठिपके तिथंच टिकले (प्रश्न ८ मधल्या नियमांनी) की रोजचं मोजणं आठवड्यावर, मग महिन्यावर आणा. त्यानंतर तीन महिन्यांतून एकदा, कोणत्याही एका आठवड्याचे वीस केसपेपर काढून बघितले तरी चालतं. आकडा घसरलेला दिसला तर रोजचं मोजणं पुन्हा सुरू करा. स्टाफ बदलल्यावर, वॉर्ड हलवल्यावर किंवा औषधाची कंपनी बदलल्यावर घसरण्याची वाट न बघता लगेच एकदा मोजा.